शहराने बाहेरच्या संस्थेशी करार केला. आता व्यावसायिकाने काय करायचं?

बातमीचा साचा ठरलेला असतो. व्यासपीठ, दोन सह्या, दोघांनी मिळून धरलेली फाइल, आणि खाली ओळ : स्थानिक व्यवसायांना बळ देण्यासाठी शहर प्रशासन आणि अमुक संस्था एकत्र. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्यात दुसऱ्या दिवशी दोन तट पडलेले दिसतात. काही जण विचारतात, "पैसे कधी वाटणार?" काही म्हणतात, "हे आपल्यासाठी नसतंच," आणि पान उलटतात.

अशा एका योजनेच्या मदत-टेबलावर मी काही वर्षं बसले आहे. दोन्ही तटांतली बहुतेक मंडळी रिकाम्या हाताने जाताना पाहिली. ज्यांच्या पदरात खरंच काही पडलं, ते आपली एकच अडचण नेमकी घेऊन आलेले होते. पहिल्यांदाच अशा योजनेच्या वाटेला जाणाऱ्यांनी कसं आणि कुठून जावं, ते इथे क्रमाने सांगते.

पायरी १ : कोण काय घेऊन आलंय, ते आधी ओळखा

शहर आणि संस्था एकत्र येतात त्याचं कारण साधं आहे. शहराकडे जागा असते, परवाने असतात, वसुलीचा अधिकार असतो आणि स्वतःची मोठी खरेदी असते. पण एखाद्याच्या शब्दावर भरवसा ठेवून त्याला कर्ज देणं शहराला जमत नाही. नियम आणि लेखापरीक्षण आडवं येतं. संस्थेकडे पैसा, जाणकार माणसं किंवा माहिती असते, पण कुठल्या गल्लीत कोण खरोखर धंदा करतंय हे तिला ठाऊक नसतं. एकाचं उणं दुसरा भरून काढतो. त्यामुळे योजनेचं नाव कितीही भारदस्त असो, पहिला प्रश्न एवढाच : यातून सल्ला मिळणार, पैसा मिळणार, परिसर सुधारणार की गिऱ्हाईक मिळणार? चारही एकदम देणारी योजना मी पाहिलेली नाही.

सल्ल्याचा प्रकार सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत दुर्लक्षित. अमेरिकेत १९६४ साली 'स्कोअर' नावाने निवृत्त अधिकाऱ्यांची फौज उभी राहिली. हे अनुभवी लोक छोट्या उद्योजकांना आजही फुकट सल्ला देतात. 'सल्ला काय, कोणीही देतं' म्हणणाऱ्यांनी कोलोरॅडोतल्या लिटलटन शहराचं उदाहरण बघावं. तिथल्या मोठ्या कंपनीतल्या नोकऱ्या गेल्यावर १९८७ मध्ये शहराने ठरवलं, बाहेरून कारखाने आणण्यामागे धावण्यापेक्षा इथेच आहेत ती रोपं वाढवू. नावही 'इकॉनॉमिक गार्डनिंग', म्हणजे अर्थव्यवस्थेची बागकाम-पद्धत. शहर व्यावसायिकांना देत होतं ती माहिती : संभाव्य गिऱ्हाइकं कुठे आहेत, प्रतिस्पर्धी काय करताहेत, बाजार कुठल्या दिशेने चाललाय. मोठ्या कंपनीत यासाठी वेगळा विभाग असतो. तुमच्याकडे तो नाही, म्हणूनच ही मदत हलकी समजू नका.

कर्जाच्या प्रकारात 'किव्हा'ची रीत समजून घेण्यासारखी आहे. २००५ मध्ये सुरू झालेली ही संस्था जगभरातल्या सामान्य लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करून ते कर्ज म्हणून पुढे देते. २०११ मध्ये तिने डेट्रॉइट शहरात काम सुरू केलं. अमेरिकेतल्या छोट्या व्यावसायिकांना तिचं कर्ज बिनव्याजी मिळतं. मात्र एक मेख आहे : सगळ्या जगासमोर मागणी मांडण्याआधी अर्जदाराला स्वतःच्या ओळखीतली ठरावीक माणसं उभी करावी लागतात, प्रत्येकाने छोटी रक्कम टाकायची. तारणाच्या जागी इथे माणसाची पत मोजली जाते. तुमच्याकडे याच धर्तीची योजना आली, तर अर्ज हातात घ्यायच्या आधी वीस नावं कागदावर लिहून काढा. ती निघाली नाहीत, तर अडचण अर्जाच्या आधीच कळली म्हणायची.

उरले परिसर आणि गिऱ्हाईक. ते पुढे येतीलच.

पायरी २ : करार मागा आणि वाचा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. बातमी वाचतात, पत्रक वाचतात, करार कोणीच वाचत नाही. शहराने केलेला करार सहसा सार्वजनिक कागद असतो, संबंधित कार्यालयात जाऊन "प्रत बघायला मिळेल का?" असं विचारण्यात संकोच कसला? पूर्ण करार मिळाला नाही तरी योजनेच्या अटींचा कागद मिळतोच.

त्यात मुदत बघा. दोन वर्षांच्या करारातले चौदा महिने उलटून गेले असतील, तर तीन वर्षांच्या फेडीचं कर्ज मागून कोण तुमच्या पाठीशी राहणार? हद्द बघा : दुकान शहराच्या हद्दीत आणि घर बाहेर, किंवा उलट, असं असेल तर चालतं का? निवड कोण करणार हे बघा : शहर, संस्था की दोघांची समिती. तुमची माहिती कोणाकडे राहणार, हेही.

आणि एक गोष्ट शब्दांत थेट लिहिलेली नसते, ती ओळींमधून वाचायची. संस्थेला यातून काय हवंय? तिलाही वर कोणाला तरी हिशेब द्यायचा असतो : देणगीदाराला, मूळ कंपनीला, नाहीतर सरकारला. करारात 'अमुक इतक्या व्यावसायिकांना प्रशिक्षण' असं उद्दिष्ट असेल, तर तुम्हाला प्रशिक्षणाची बोलावणी येत राहणार आणि कर्जाचा विषय काढला की "बघू" ऐकायला मिळणार. यात लबाडी नाही. त्यांची फूटपट्टीच ती आहे. त्या फूटपट्टीवर आपण कुठे बसतो हे ज्याला कळलं, त्याचा निम्मा वेळ वाचला. आमच्या टेबलावर एक गृहस्थ चार महिने येत होते. त्यांना गाळा हवा होता, आणि आमच्या करारात गाळ्यांचा शब्दसुद्धा नव्हता. पहिल्याच दिवशी हे त्यांना कोणी सांगितलं नाही. त्या 'कोणी'त मीही होते.

पायरी ३ : अडचण एका वाक्यात बसवा

'धंदा वाढवायचाय' हे वाक्य चालत नाही. 'मदत हवी' हे तर नाहीच.

एक शिवणकाम करणारी बाई आठवते. तिला नवीन मशीनसाठी कर्ज हवं होतं आणि अर्ज अर्धा भरूनही झाला होता. मी म्हटलं, "ताई, हिशेबाची वही आणलीत का?" तिने पिशवीतून शाळेची दोनशे पानी वही काढली. डाव्या पानावर आलेले पैसे, उजव्या पानावर गेलेले, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्या दिवशी किती कपडे शिवून झाले त्याचा आकडा. सुंदर वही. तीन महिन्यांची पानं आम्ही दोघींनी मिळून चाळली. कपड्यांचे आकडे महिनाअखेरीला खाली घसरत होते. "इथे मशीन कमी पडलं का?" "नाही हो, कापड आणायला पैसेच नव्हते." डाव्या पानावर एकाच मोठ्या गिऱ्हाइकाच्या नावापुढे फक्त तारखा होत्या, रकमा नव्हत्या. गणवेशांची मोठी ऑर्डर, माल दोन महिन्यांपूर्वी पोहोचलेला, बिल पडून.

असलेली मशीनंच महिन्यातला आठवडा बंद राहत होती. नवीन मशीन आलं असतं, तर तेही त्यांच्याबरोबर बसलं असतं आणि वर हप्ता सुरू झाला असता. आमच्या समन्वयकाने फोन करून चौकशी केली, तेव्हा समजलं की बिलाला माल मिळाल्याची सही जोडलेली नाही, एवढ्यासाठी ते खालीच राहिलं होतं. सही झाली, पैसे आले. कर्जाचा अर्ज तिने स्वतःच परत घेतला.

म्हणून योजनेकडे जाण्याआधी निदान तीन महिन्यांची जमा, खर्च आणि उधारी समोर मांडा आणि हे वाक्य पूर्ण करा : "माझा धंदा या ठिकाणी अडतो, कारण..." पैसा अडकतोय, माल पडून राहतोय, गिऱ्हाईक एकदा येऊन परत येत नाही, काम आहे पण हात कमी पडतात : प्रत्येकाचा उपाय वेगळा आणि बहुतेक वेळा खिडकीही वेगळी.

पायरी ४ : कागद

थोडक्यात सांगते. ओळख, पत्ता, व्यवसायाचा परवाना किंवा नोंदणी, बँक खात्याचा उतारा, कराची कागदपत्रं लागू असतील ती, आणि वर सांगितलेली वही. पाटीवरचं नाव, परवान्यावरचं नाव आणि खात्यावरचं नाव एक आहे ना, हे आजच तपासा. परवाना वडिलांच्या नावे, खातं बायकोच्या नावे, पाटीवर मुलीचं नाव : असे कितीतरी अर्ज पडताळणीतच अडकतात. दुरुस्तीला वेळ लागतो, आणि योजनेची मुदत त्यासाठी थांबत नाही.

पायरी ५ : पहिली भेट, आणि मधले लोक

योजना जाहीर झाली की आठवड्याभरात 'अर्ज भरून देतो', 'आतली ओळख आहे' म्हणणारे उगवतात. त्यांच्याकडे जाण्याआधी शहराच्या कार्यालयात किंवा अधिकृत क्रमांकावर तीन गोष्टी विचारून घ्या : अर्ज कुठे मिळतो, शुल्क आहे का, असल्यास कोणत्या खात्यात. बँकेचा ओटीपी किंवा पिन कुठल्याही योजनेला लागत नाही. कोऱ्या कागदावर सही द्यायची नाही, समोरचा कितीही ओळखीचा असो.

भेटीत आकडे फुगवू नका. गिऱ्हाईक जास्त दाखवलं की पत वाढेल, असं वाटतं. पण समोरच्याने असे शेकडो हिशेब पाहिलेले असतात. शिवाय फुगवलेल्या आकड्यांवर मंजूर झालेला हप्ता खऱ्या गल्ल्यातूनच भरायचा असतो. उलट, नुकसानीचा महिना आपणहून दाखवून त्याचं कारण सांगणाऱ्या माणसावर समितीचा विश्वास लवकर बसतो, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं.

तुमच्याशी बोलणाऱ्या माणसाचं नाव, तारीख आणि पुढे काय ठरलं, हे त्याच वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवा. अशा योजनांत माणसं वारंवार बदलतात. नव्या माणसाला आधीच्याने दिलेला शब्द माहीत नसतो.

पायरी ६ : पैसा कुठल्या रूपात येतोय?

अनुदान म्हटलं की लोक निर्धास्त होतात. पण बरीच अनुदानं 'आधी खर्च, मग भरपाई' या रीतीची असतात. तुम्ही उसनवारी करून दुकानाचा दर्शनी भाग करून घेतला, पावत्या जमा केल्या, आणि भरपाई पाच महिन्यांनी आली तर मधल्या काळात माल कशावर भरणार? म्हणून विचारा : पैसे आधी की नंतर, किती टप्प्यांत, आणि पावती कोणाच्या नावाची लागेल. ओळखीच्या सुताराने साध्या चिठ्ठीवर लिहून दिलेला खर्च भरपाईत धरला जाईलच असं नाही. काम सुरू करण्याआधी मंजुरीचं पत्र हातात हवं. आधीच झालेला खर्च अनेक योजना धरत नाहीत.

कर्ज असेल तर व्याजाच्या आधी हमी बघा. बिनव्याजी कर्जातही मुद्दल फेडायचंच असतं. धंदा बुडाला तर घरावर बोजा येतो का, हमीदार कोण, हप्ता चुकला तर किती दिवसांची सवलत, हे लेखी घ्या. आणि कोणी कर्ज किंवा अनुदान न म्हणता 'गुंतवणूक' म्हणत असेल, तर ते तुमच्या व्यवसायातला हिस्सा मागताहेत. त्यात वाईट काही नाही, पण तो करार स्वतःच्या वकिलाला किंवा हिशेबनिसाला दाखवल्याशिवाय सही नको.

पायरी ७ : शेजारच्या दुकानदाराशी बोला

काही गोष्टी एकट्याने मागून मिळत नाहीत : रस्त्यावरचे दिवे, पार्किंग, सफाई, बाजाराची जाहिरात. टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज भागातल्या व्यापाऱ्यांची अडचण हीच होती. भुयारी रेल्वे आल्याने रस्त्यावरची वर्दळ खाली गेली, त्यात मोठी खरेदी संकुलं उभी राहिली. ऐच्छिक वर्गणी गोळा करायची म्हटलं, तर काही जण देणार आणि दिवे मात्र सगळ्यांच्याच दारात लागणार. १९७० मध्ये तिथे वेगळी व्यवस्था उभी राहिली : ठरवलेल्या हद्दीतल्या प्रत्येक व्यवसायाकडून शहरच आकार वसूल करणार आणि ती रक्कम व्यापाऱ्यांच्या मंडळाला देणार. या धर्तीची ही जगातली पहिली व्यवस्था मानली जाते. पुढे ती अनेक देशांत पसरली.

तुमच्याकडे असं काही येऊ घातलं असेल, तर आकार कशावर मोजणार हे विचारा : जागेच्या मूल्यावर की उलाढालीवर. मंडळावर छोट्यांना किती जागा, हेही विचारा. मोठ्या दुकानांचा आवाज मंडळात आपोआप मोठा होतो.

आणखी एक इशारा, जो कुठल्याच पत्रकात नसतो. रस्ता सुधारला की भाडं वाढतं. तुम्ही भाडेकरू असाल तर सुशोभीकरणाचं काम सुरू होण्यापूर्वी भाडेकराराची मुदत वाढवून घ्या. फरशी बसल्यावर मालकाशी बोलायला गेलात, तर नव्या फरशीचे पैसे तुमच्या भाड्यातून निघतील.

पायरी ८ : शहरालाच गिऱ्हाईक करा

माझ्या मते हा सगळ्यांत मोलाचा आणि सगळ्यांत कमी वापरला जाणारा रस्ता. उत्तर इंग्लंडमधल्या प्रेस्टनमध्ये २०११ साली मोठ्या खरेदी संकुलाचा प्रकल्प बारगळला. बाहेरून कोणी येऊन शहर सावरेल ही आशा संपली. मग तिथल्या कौन्सिलने 'सेंटर फॉर लोकल इकॉनॉमिक स्ट्रॅटेजीज' या बाहेरच्या संस्थेला बरोबर घेऊन एक सरळ प्रश्न विचारला : आपल्या परिसरातल्या मोठ्या सार्वजनिक संस्था दरवर्षी एवढा माल आणि सेवा विकत घेतात, तो पैसा जातो कुठे? उत्तर बोचरं होतं. २०१२-१३ मध्ये दर १०० पौंडांतले जेमतेम ५ पौंड प्रेस्टनमध्ये राहत होते. खरेदीची पद्धत बदलल्यावर २०१६-१७ मध्ये तो आकडा १८ च्या वर गेला.

बदललं काय? मोठ्या कंत्राटाचे छोटे भाग पाडले, म्हणजे छोट्यांनाही बोली लावता येईल. आणि खरेदी करणाऱ्यांना आपल्याच शहरात काय बनतं याची ओळख करून दिली. नवा निधी आणावा लागला नाही. होणारीच खरेदी वळवली.

तुमच्या शहराच्या करारात असा भाग असेल, तर पुरवठादार म्हणून नोंदणी पहिल्याच आठवड्यात करा. नसेल तर संस्थेच्या माणसाला विचारा, "खरेदी विभागातल्या कोणाशी गाठ घालून द्याल का?" निविदा पहिल्यांदा भरताना अनामत रक्कम, मागच्या कामाचा अनुभव आणि बिल मिळण्याचा कालावधी या तीन कलमांपाशी थांबून वाचा. शेवटचं कलम त्या शिवणकामाच्या ताईंसारखं तुमचंही भांडवल अडकवू शकतं. अनुभवाची अट एकट्याने पुरी होत नसेल, तर दोघा-तिघांनी मिळून बोली लावता येते का, हे विचारा. आणि माल पोहोचवला की त्याच दिवशी, त्याच दारात, पोहोच-पावतीवर तारखेसह सही आणि शिक्का.

पायरी ९ : करार संपतो तेव्हा, किंवा नकार येतो तेव्हा

इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉल शहरात २०१२ मध्ये 'ब्रिस्टॉल पाउंड' नावाचं स्थानिक चलन निघालं होतं. स्थानिक पतसंस्था त्यात भागीदार होती, कौन्सिल त्यात कर स्वीकारत होतं, आणि तेव्हाचे महापौर जॉर्ज फर्ग्युसन आपला पगारही त्यात घेत होते. इतका पाठिंबा असूनही २०२१ मध्ये त्या नोटा बाद झाल्या. ज्या दुकानांचा गल्ला इतर गिऱ्हाइकांवर उभा होता, त्यांचा धंदा चालूच राहिला. योजनेतून येणारी मिळकत वहीत वेगळ्या रकान्यात लिहा. तो रकाना उद्या कोरा झाला तर महिना कसा निघेल, हे वर्षातून दोनदा तरी बघा. मुदत संपण्याआधी दोन महिने तीन प्रश्न विचारून ठेवा : कर्जाचे उरलेले हप्ते कोणाकडे भरायचे, सल्लागाराची भेट पुढे चालू राहणार का, आणि माझी कागदपत्रं कोणाच्या ताब्यात जाणार.

नकार आला, तर कारण लेखी मागा. "निकषात बसत नाही" एवढ्यावर उठू नका. कोणता निकष, ते विचारा. बऱ्याचदा तो दुरुस्त होण्यासारखा असतो : नावातला फरक, सहा महिने कमी पडलेला अनुभव, हद्दीचा नकाशा. पुढची फेरी कधी उघडते ती तारीख घ्या, आणि वहीच्या मागच्या पानावर, त्या माणसाच्या नावाखाली, लिहून ठेवा.